फुली-गोळ्याचा पाठ आणि राहून गेलेली बरोबरी

हिंगोली जिल्ह्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत आम्ही अधूनमधून व्याख्यानासाठी जातो. निमित्त लायगो-इंडियाचे असते. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या वेधशाळेसाठी औंढा नागनाथजवळची जागा ठरलेली आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे हे यंत्र आपल्या तालुक्यात येणार म्हटल्यावर मुलांचे प्रश्न संपता संपत नाहीत.

अशाच एका व्याख्यानात आम्ही मुलांना ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ हा उपक्रम दाखवला. झूनिव्हर्स या संकेतस्थळावर २०१६ साली तो सुरू झाला. लायगोच्या यंत्रात क्षणभर उमटणाऱ्या व्यत्ययांना शास्त्रज्ञ ‘ग्लिच’ म्हणतात. ग्लिचचे चित्र ब्राउझरमध्ये दिसते, ते कोणत्या प्रकारचे आहे हे आपण शेजारच्या पर्यायांतून निवडायचे आणि पुढच्या चित्राकडे जायचे. हे काम घरबसल्या कोणीही करू शकतो. व्याख्यान संपल्यावर तिथल्या एका शिक्षकांनी विचारले, “सर, मुलांना कृष्णविवर कळले की नाही कोण जाणे. पण हे पान कसे बनवतात, असे चार जणांनी मला विचारले. त्यांना कोणता धडा देऊ?”

झूनिव्हर्सची पाने रिॲक्ट या चौकटीत बांधलेली आहेत. रिॲक्टच्या अधिकृत संकेतस्थळावर नवशिक्यांसाठी एक पाठ दिलेला आहे. त्यात फुली-गोळ्याचा खेळ टप्प्याटप्प्याने तयार करून घेतात. जगभरातल्या असंख्य शिकणाऱ्यांनी याच पाठाने सुरुवात केली असेल. आम्ही शिक्षकांना तोच सुचवला आणि सुचवला म्हणून दोन दिवस स्वतः तो मुलांबरोबर करून पाहिला. त्या दोन दिवसांत पाठाचे गुण दिसले तसे दोषही दिसले. पाठ्यपुस्तकातला एखादा धडा जसा आपण तपासतो तसा हा पाठ येथे तपासावयाचा आहे.

घटक म्हणजे काय?

आधी मूळ कल्पना पाहू. गावात क्रिकेटचा सामना चालू आहे आणि मैदानाच्या कडेला धावफलक टांगलेला आहे. तो चालवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात चौकार गेला की एक मुलगा धावत जाऊन धावांची पाटी बदलतो, गडी बाद झाला की दुसरा जाऊन बळींची पाटी बदलतो आणि षटक संपले की तिसरा जातो. सामना रंगात आला की यांतला एखादा हमखास विसरतो. मग फलकावर धावा एका षटकाच्या आणि बळी दुसऱ्याच षटकाचे, अशी गत होते.

दुसऱ्या मार्गात फलकाला कोणी परस्पर हात लावायचा नाही. जे घडले ते गुणलेखकाने वहीत लिहायचे. प्रत्येक नोंदीनंतर वहीवरून संपूर्ण फलक कसा दिसायला हवा ते ठरवायचे, आधीच्या फलकाशी ताडून पाहायचे आणि ज्या पाट्या वेगळ्या असतील तेवढ्याच बदलायच्या. वही बरोबर असेल तर फलक बरोबर असतो.

वेब ॲप्लिकेशनचा पडदा पूर्वी बहुतेक ठिकाणी पहिल्या पद्धतीने चालवला जाई. पानात जिथे बदल हवा तिथे जाऊन खोडा आणि लिहा, अशा सुटसुटीत आज्ञा जावास्क्रिप्टमध्ये दिल्या जात. पान लहान असेपर्यंत हे चालते. मोठ्या पानात एकच आकडा चार ठिकाणी दिसत असतो आणि त्यातला एखादा बदलायचा राहतो. फेसबुकमधले अभियंते जॉर्डन वॉक यांनी दुसऱ्या पद्धतीची चौकट रचली. २०११ मध्ये ती त्या कंपनीत वापरात आली आणि मे २०१३ मध्ये रिॲक्ट या नावाने सर्वांसाठी खुली झाली. व्ह्यू (२०१४) आणि अँग्युलर (२०१६) या चौकटीही घटकांवरच उभ्या आहेत. म्हणजे प्रश्न एका कंपनीच्या उत्पादनाचा नाही. विचार करण्याची ही एक पद्धत आहे.

या पद्धतीत वहीला ‘स्थिती’ म्हणतात आणि पडदा हे त्या स्थितीचे फलन असते. गणितात क्ष दिला की य ठरतो, तशी स्थिती दिली की पडदा ठरतो. फलक मोठा असल्याने त्याचे तुकडे करतात. फलंदाजाची पट्टी एकदाच तयार करायची आणि दोन फलंदाजांसाठी दोनदा वापरायची. नाव आणि धावा तिला वरून पुरवायच्या. या पट्टीला ‘घटक’ म्हणायचे आणि वरून पुरवलेल्या माहितीला ‘प्रॉप्स’. एवढे समजले की उरतो तो तपशील.

पाठाची बांधणी

रिॲक्टचे सध्याचे संकेतस्थळ मार्च २०२३ मध्ये आले. त्यावरचा हा पाठ शिकणाऱ्याला एकाच चौकोनापासून सुरुवात करायला लावतो. पडद्यावर फुली असलेले एकच बटण दिसते. दुसरे बटण शेजारी ठेवायला जावे तर त्रुटी येते, कारण घटकाने एकच वस्तू परत द्यायची असते. ती त्रुटी दुरुस्त करून नऊ चौकोन होतात आणि त्यांचा पट बनतो. मग चौकोन हा वेगळा घटक केला जातो.

आम्हाला सर्वांत आवडली ती एक गोष्ट. पाठ चुका लपवत नाही, मुद्दाम करायला लावतो. चौकोनाला वरून आलेली किंमत दाखवायची असते, तेव्हा तो आधी महिरपी कंसाशिवाय लिहायला लावतो. मग नऊही चौकोनांत किमतीऐवजी तो इंग्रजी शब्दच उमटतो. मुले हसतात आणि महिरपी कंस कशासाठी, हे कायमचे लक्षात राहते. पुढे एके ठिकाणी ‘बटण दाबल्यावर हे कर’ असे सांगण्याऐवजी ‘हे आत्ताच कर’ असे लिहिले जाते आणि पान स्वतःलाच पुन्हा पुन्हा रंगवत राहते. शेवटी रिॲक्ट तक्रार करून थांबते. फंक्शन हातात देणे आणि फंक्शन चालवणे यांतला फरक कोणत्याही व्याख्येने इतका स्पष्ट होत नाही. प्रयोगवहीत फक्त बरोबर आलेली वाचने लिहायची सवय आपण मुलांना लावतो. त्या पार्श्वभूमीवर हा प्रामाणिकपणा फार मोलाचा आहे.

दुसरा गुण गरजेच्या क्रमाचा. सुरुवातीला प्रत्येक चौकोन आपली किंमत आपल्याजवळ ठेवतो. ते नीट चालते. पण कोण जिंकले हे ठरवायची वेळ आली की अडचण उभी राहते, कारण नऊ जणांकडची माहिती एकाकडेही नाही. तेव्हाच पाठ ती माहिती पटाकडे, म्हणजे एक पायरी वर, नेतो. ‘स्थिती वर उचला’ हा नियम आधी सांगून मग उदाहरण दिले असते तर तो पाठांतराचा विषय झाला असता. येथे अडचण आधी आणि नियम नंतर येतो. शिक्षकांनी या क्रमाची मुद्दाम नोंद घ्यावी.

अंगणातला प्रयोग

पहिल्या दिवशी दुपारी वीज गेली. पाच संगणक होते, पाचही बंद. मुले घरी जाऊ नयेत म्हणून आम्ही अंगणात फक्कीने तीन बाय तीनचे चौकोन आखले आणि नऊ मुलांना त्यांत उभे केले. प्रत्येकाच्या हातात पाटी-खडू दिला. खेळणारे दोघे आळीपाळीने कोणाच्या तरी खांद्याला हात लावणार आणि तो आपल्या पाटीवर चिन्ह काढणार, असे ठरले. गंमत अशी की पाटी हातात असलेल्याला आता पाळी कोणाची हेच ठाऊक नव्हते. पहिल्या डावात सगळ्यांनी फुल्याच काढल्या. पाठातही या टप्प्यावर नेमके हेच होते.

मग पाट्या काढून घेतल्या. एका मुलीला ‘पट’ केले आणि वही तिच्याकडे दिली. चौकोनात उभ्या असलेल्याने फक्त ‘मला हात लागला’ एवढेच ओरडायचे. नोंद तिने करायची आणि फुलीचे किंवा गोळ्याचे पुठ्ठ्याचे कार्ड तिनेच पाठवायचे. डाव सुरळीत झाला. ‘चौकोनाला काहीच कळत नाही, तो फक्त सांगतो आणि दाखवतो,’ हे वाक्य एका मुलाने स्वतः तयार केले. रिॲक्टच्या कोणत्याही पुस्तकात घालावे असे ते आहे.

तिसऱ्या डावात दोन चाली मागे जाण्याची विनंती आली. पाठातही शेवटच्या भागात खेळ मागे नेण्याची सोय करून घेतात. पट झालेल्या मुलीने एकाच पानावर खाडाखोड करत नोंदी ठेवल्या होत्या, त्यामुळे मागचा पट कोणालाच आठवेना. पुढच्या डावात तिने प्रत्येक चालीनंतर वहीचे पान उलटून नवा पट काढला. आता मागे जाणे म्हणजे नुसती पाने उलटणे झाले. पाठात ज्यासाठी जुन्या यादीची प्रत काढून त्या प्रतीत बदल करायला सांगतात, ते कारण मुलांना वीज नसताना उमगले. मागे जाऊन नवी चाल खेळली तर पुढची जुनी पाने फाडून टाकावी लागतात, हेही त्यांना आपोआप समजले. पाठातला कार्यक्रम तेच करतो.

आणि मग तो डाव आला. एका मुलाला आम्ही ‘निवेदक’ केले होते. त्याला दिलेला नियम पाठातलाच होता. तीन चिन्हे एका ओळीत आली असतील तर विजेता सांग, नसतील तर पुढची पाळी कोणाची ते सांग. नऊही चौकोन भरले आणि कोणी जिंकले नाही. निवेदकाने नियम पाळून जाहीर केले, “पुढची पाळी गोळ्याची!” सगळे हसले. पट झालेली मुलगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, “सर, डाव तर संपला की. मग हे गोळ्याची पाळी आहे म्हणून का सांगायलंय?”

दुसऱ्या दिवशी वीज आल्यावर पाठ पूर्ण केला आणि नऊ घरे बरोबरीत भरून पाहिली. पडद्यावर वरती लिहून आले की पुढचा खेळाडू गोळा. दाबायला एकही घर शिल्लक नव्हते आणि पडदा मात्र गोळ्याची वाट पाहत होता.

बरोबरी कुठे गेली?

ही लेखकांची नजरचूक नाही, हे आधी सांगायला हवे. पाठाच्या शेवटी ‘वेळ असेल तर करून पाहा’ म्हणून पाच सुधारणा सुचवल्या आहेत. विजयी ओळ ठळक करावी आणि कोणीच न जिंकल्यास तसा निरोप दाखवावा, ही त्यांतली एक आहे. म्हणजे बरोबरी त्यांना ठाऊक आहे. ती स्वाध्यायात ढकलली आहे, तीही एका सुधारणेच्या कंसात. आमचा आक्षेप त्या जागेला आहे.

फुली-गोळ्याचे गणित पाहा. कोणी जिंकले की डाव थांबतो असे धरले तर खेळाचे एकूण २,५५,१६८ वेगवेगळे डाव होतात. त्यांतले १,३१,१८४ फुलीचे, ७७,९०४ गोळ्याचे आणि ४६,०८० बरोबरीचे. म्हणजे दर शंभरात सुमारे अठरा डाव बरोबरीत सुटतात. आणि दोघेही न चुकता खेळले तर डाव नेहमीच बरोबरीत सुटतो. हा या खेळाविषयीचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष आहे आणि चौथीतली मुलेसुद्धा महिनाभर खेळून तो शोधून काढतात. याचा अर्थ असा की दोन शहाणे खेळाडू पाठातल्या पडद्यासमोर बसले तर प्रत्येक डावाच्या अखेरीस पडदा खोटे बोलेल.

घटकांच्या या साऱ्या पद्धतीचे वचन एकच आहे, की पडदा नेहमी स्थितीशी जुळलेला राहील. ते वचन पाठात मोडलेले नाही, कारण पडदा नियमाशी तंतोतंत जुळलेलाच होता. चूक नियमात होती. ‘विजेता आहे’ आणि ‘खेळ चालू आहे’ या दोनच शक्यता त्यात धरल्या होत्या आणि खऱ्या जगात तिसरी होती. चौकट कितीही चांगली असली तरी कोणत्या शक्यता आहेत हे ती सांगत नाही. ते माणसालाच मोजावे लागते. घटक शिकवणाऱ्या पाठात हीच गोष्ट मध्यभागी हवी होती.

कोणी म्हणेल, खेळातली एवढीशी गोष्ट, तिचा इतका बाऊ कशाला? हाच प्रश्न आम्ही त्या शिक्षकांपुढे ठेवला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमच्याकडची काही मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. हजेरीत दोनच रकाने. हजर आणि गैरहजर. पोरगा कारखान्यावरच्या तळावर असतो. तो शाळा सोडून गेलेला नसतो आणि शाळेत आलेलाही नसतो. मी त्याला काय लिहू?” कागदावरच्या हजेरीत शिक्षक समासात पेन्सिलीने दोन शब्द तरी लिहू शकतो. पडद्याला समास नसतो. घटक करणाऱ्याने जो पर्याय ठेवला नाही तो भरताच येत नाही. आणि घटक एकदा करून शंभर ठिकाणी वापरायचा असल्याने त्याची चूकही शंभर ठिकाणी जाते. पुनर्वापराची किंमत कोणत्या बाजूने मोजावी लागते, ते येथे दिसते.

आणखी दोन आक्षेप

दुसरा आक्षेप पाठाने स्वतःच घालून दिलेल्या तत्त्वाचा आहे. शेवटच्या टप्प्यात पाठ एक सुंदर गोष्ट करतो. पाळी कोणाची हे आतापर्यंत वेगळे साठवलेले असते. आता पाठ म्हणतो की चालीचा क्रमांक सम असेल तर पाळी फुलीची, विषम असेल तर गोळ्याची. मग ते साठवायचे कशाला? जे काढता येते ते साठवू नये. विज्ञानाच्या शिक्षकाला हे तत्त्व ओळखीचे वाटेल. वस्तुमान आणि आकारमान नोंदवल्यावर घनतेचा रकाना हाताने भरायचा नसतो, नाहीतर कधीतरी तिन्ही आकडे एकमेकांशी भांडतात.

पण मग हाच पाठ प्रत्येक चालीनंतरचा संपूर्ण पट साठवून ठेवतो. पूर्ण डावात आरंभीच्या रिकाम्या पटासह दहा पट होतात आणि प्रत्येकात नऊ घरे, म्हणजे नव्वद नोंदी. वास्तविक कोणत्या क्रमाने कोणती घरे भरली, हे नऊ आकडे पुरेत. त्यांवरून पट, पाळी, विजेता आणि बरोबरी, सर्व काही काढता येते. बुद्धिबळाचा डाव वृत्तपत्रात छापतात तेव्हा प्रत्येक चालीचे चित्र छापत नाहीत, चालींची यादी छापतात. पट साठवण्याचा आणखी एक तोटा आहे. नऊ घरांत प्रत्येकी फुली, गोळा किंवा रिकामे असे मांडले तर १९,६८३ मांडण्या होतात. त्यांतल्या ५,४७८ च खऱ्या खेळात येऊ शकतात. बाकीच्या अशक्य आहेत, तरी कार्यक्रमाच्या यादीत त्या बिनबोभाट बसतात. चालींची यादी ठेवली तर एक घर दोनदा आले का आणि विजयानंतर चाल झाली का, एवढेच तपासावे लागते.

पट साठवल्याने मागे जाण्याचा भाग सोपा होतो आणि प्रत काढण्याचे कारण ठसते, हे आम्हाला मान्य आहे. अंगणात आम्हीही पानेच उलटली. परंतु तत्त्व सांगितल्यावर त्याच्याच शेजारी ते मोडलेले दिसत असेल तर पाठाने तसे म्हणायला हवे होते. गंमत म्हणजे शेवटच्या पाच सुधारणांत प्रत्येक चालीची ओळ आणि स्तंभ दाखवायला सांगितले आहेत. ती माहिती पाठाने कुठेच ठेवलेली नाही. ती दोन पट ताडून शोधावी लागते किंवा नव्याने साठवावी लागते.

तिसरा आक्षेप छोटा वाटेल, पण आम्हाला तो महत्त्वाचा वाटतो. पाठातले प्रत्येक घर हे खरेखुरे बटण आहे. हे चांगले आहे, कारण त्यामुळे माउस नसला तरी कळफलकावरून तिथे पोहोचता येते. मात्र रिकाम्या बटणाला काही नाव दिलेले नाही. दृष्टिहीन विद्यार्थी पडदा वाचून दाखवणारा कार्यक्रम वापरत असेल तर त्याला ‘बटण, बटण, बटण’ असे नऊदा ऐकू येईल. कोणते मधले आणि कोणते कोपऱ्यातले ते कळणार नाही. उपाय एका ओळीचा आहे. ‘पहिली ओळ, दुसरे घर, रिकामे’ असे नाव घटकाला प्रॉप्समधून द्यायचे. घटक एकाच जागी लिहिलेला असल्यामुळे ही दुरुस्ती नऊ जागी आपोआप पोहोचते. चूक पसरते तशी दुरुस्तीही पसरते, हे दाखवण्याची आयती संधी पाठाने घालवली आहे.

विजेता ठरवणारे फंक्शन तयार देण्याबद्दल मात्र आम्ही कुरकुर करणार नाही. तीन आडव्या, तीन उभ्या आणि दोन तिरप्या अशा आठ ओळी तपासायच्या, यात रिॲक्टचे असे काही नाही. तरी वर्गात ते मुलांकडूनच लिहून घ्यावे. आठ ओळी का, चार बाय चारच्या पटात किती, हा गणिताचा एक तास सहज होतो.

वर्गात कसा वापरावा?

अकरावी-बारावीच्या ज्या मुलांना एचटीएमएल आणि थोडी जावास्क्रिप्ट येते, त्यांना हा पाठ जरूर द्यावा. त्याहून चांगला आरंभिक पाठ आमच्या पाहण्यात नाही. मूळ पाठ इंग्रजीत आहे आणि तो ब्राउझरमध्येच करण्याची सोय असली तरी त्यासाठी इंटरनेट सतत चालू लागते. म्हणून पहिला दिवस अंगणात घालवावा, संगणक असला तरीही. फक्की, पुठ्ठ्याची कार्डे आणि एक वही एवढेच साहित्य पुरते. दुसऱ्या दिवशी पडद्यापुढे बसल्यावर इंग्रजी शब्द अडत नाहीत, कारण त्यामागची कृती ओळखीची झालेली असते.

एक बदल मात्र शिक्षकांनी आपल्या जबाबदारीवर करावा. कळफलकाला हात लावण्याआधी मुलांना विचारावे की डाव कोणकोणत्या स्थितींत असू शकतो. फळ्यावर यादी करावी. चालू आहे, फुली जिंकली, गोळा जिंकला, बरोबरी झाली. एखादा म्हणेल, अजून सुरूच झाला नाही. एखादी म्हणेल, खेळणारा मध्येच उठून गेला. यादी वाढू द्यावी. मग प्रत्येकीसमोर पडद्यावर काय दिसावे ते लिहावे आणि नंतरच कार्यक्रम लिहायला घ्यावा. हे तासाभराचे काम आहे आणि आमच्या मते ते पाठातल्या कोणत्याही आज्ञेहून अधिक टिकेल. आजची चौकट उद्या राहील असे नाही. रिॲक्टमध्येच २०१९ साली घटक लिहिण्याची रीत बदलली आणि जुनी उदाहरणे नव्याने लिहावी लागली. शक्यता मोजण्याची सवय मात्र जुनी होत नाही.

शेवटी पुन्हा ग्रॅव्हिटी स्पायकडे येऊ. ग्लिचचे प्रकार निवडण्याच्या त्या पानावर ‘यांपैकी काहीही नाही’ असाही पर्याय ठेवलेला आहे. यंत्रात काय काय घडू शकते ते सर्व आपल्याला माहीत नाही, अशी ती जाहीर कबुली आहे आणि तिचा उपयोग झाला. ठरलेल्या प्रकारांत न बसणारी चित्रे स्वयंसेवकांनी वेगळी काढली आणि त्यांतून ‘पेअर्ड डव्ह्ज’ आणि ‘हेलिक्स’ असे नवे प्रकार पुढे आले. तो एक पर्याय नसता तर ती चित्रे कुठल्या तरी चुकीच्या खणात गेली असती आणि कोणाच्या लक्षातही आले नसते.

हे आम्ही त्या मुलांना दुसऱ्या दिवशी सांगितले. तोवर पट झालेल्या मुलीने आपल्या संगणकावर नियमाला तिसरी ओळ जोडली होती. तिने पुन्हा नऊ घरे भरली. पडद्यावर मराठीत आले, ‘डाव बरोबरीत सुटला’. मग तिने शिक्षकांना विचारले, “सर, आपल्या हजेरीतपण असं एक घर टाकता येईल का?” शिक्षकांनी आमच्याकडे पाहिले. तो प्रश्न आमच्या अधिकारातला नव्हता. म्हणून तो येथे छापत आहोत.